अर्धेलीच्या कोंबड्या

कापसाचा भाव पडला आणि रिसोडच्या बाजारात माणसं एकमेकांकडे पाहून नुसती मान हलवू लागली, त्याच साली हौसाबाईच्या वाडीतल्या विहिरीनंही तळ दाखवला. वाडी म्हणायला हौसाबाईची, कागदावर भासऱ्याची, म्हणजे थोरल्या दिराची, पुंजाजीची. नवरा गेल्यावर पुंजाजीनं भावजयीला कडेचे चार वाफे आणि बांधापलीकडची झोपडी दिली होती, आणि त्याबद्दल तो कधी बोलून दाखवत नसे. न बोलण्याचंही ओझं असतंच. आधी त्याच्या मिरच्या भिजायच्या, मग उरल्या पाण्यात हिची मेथी आणि वांगी.

हौसाबाई बाजारात वांगी घेऊन बसली होती, तेव्हा समोर तिचा व्याही येऊन उभा राहिला. उकंडराव मेडशीचा. त्याच्या घरी हौसाबाईची एकुलती एक लेक, रुख्मिणी. पोरीला पुन्हा दिवस गेले होते, आणि दुसरं बाळंतपण सासरचं असलं तरी तिनं मायकडेच जायचा हट्ट धरला होता.

"धाडतो पोरीले," उकंडराव म्हणाला. "मी काई राक्षस नाई. पन यावक्ती तिले खाऊ काय घालसान, थे सांगा. मागच्या डावी तुमच्या घरी ज्वारीच्या कन्या खाऊन आली. आंगावर दूध नाई का काई नाई."

वांगी चिवडत बसलेल्या गिऱ्हाइकिणीनं हे ऐकलं आणि हातातली वांगी हळूच परत ठेवली. हौसाबाईच्या कानशिलाला आग लागली. मागच्या खेपेला तिच्या घरात ज्वारीच्या कण्यांवाचून काही नव्हतं. रुख्मिणीचं दूध आटलं, आणि महिन्याच्या आत लेकरू गेलं. त्या लेकराला मातीआड करून आल्यापासून हौसाबाईला कधी भाकर गोड लागली नव्हती. व्याह्यानं खोटं सांगितलं असतं तर भांडता आलं असतं. तो खरं बोलत होता.

"दिवाळी झाली का धाडा," ती म्हणाली. "डिंकाचे लाडू घालतो तिले. तुपातले."

"तुपातले?" व्याह्यानं विचारलं.

"तुपातले," ती म्हणाली. बोलून गेली, आणि मग टोपलीतल्या वांग्यांची किंमत मनात मोजू लागली.

घरी येता येता तिनं मनात कोंबड्या मांडल्या. वांग्याला पाणी लागतं, कोंबडीला नाही. कोंबडी स्वतःचं पोट उकिरड्यावर भरते आणि अंडं तुमच्या घरात घालते, असा नोकर दुसरा नाही. पण पहिली कोंबडी आणायची कशातून?

त्या दिवसांत गावोगाव कर्ज देणारी सोसायटी निघाली होती. पुंजाजी तिचा सभासद होता. भासऱ्याशी तोंडानं बोलायची रीत नाही, म्हणून हौसाबाईनं जावेच्या, कस्तुराबाईच्या तोंडून निरोप घातला, आणि पुंजाजी कुरकुरत का होईना तिला चावडीवर घेऊन गेला. सेक्रेटरी सतरंजीवर पान लावत बसला होता.

"जमीन?" त्यानं विचारलं.

"भासऱ्याच्या नावानं."

"बैल?"

"नाई."

"मंग कर्ज कायले पाह्यजे?"

पदराआडून हौसाबाई म्हणाली, "कोंबड्या घेतो."

सेक्रेटरीनं पान तोंडात टाकलं, गालात सारलं आणि चावडीकडे नजर फिरवली. "म्हंजे कोंबडी तारण ठेवू? वसुलीच्या दिवशी थे उडून निंबावर बसली तं शिपायाले निंबावर चढवू का?"

चावडी खदखदून हसली. हसणाऱ्यात दोघंतिघं असे होते की ज्यांच्या स्वतःच्या बैलांवर जप्ती निघालेली होती. तेच जास्त हसले. पुंजाजी माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ आणि भर चावडीत आपल्या घराण्याचं नाव कोंबडीला बांधलं गेलेलं! तो परतताना दहा पावलं पुढेच चालला. संध्याकाळी बायकोला म्हणाला, हौसाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं, "सांग तिले, माह्या तुळशीपाशी कोंबडी दिसली नाई पाह्यजे." त्यानं तुळशीपुढे दिवा लावला. मग म्हणाला, "बांधाच्या पल्याड कोन काय करते, थे पाह्याले मी जात नाई."

हौसाबाईनं त्यातला हवा तो अर्थ घेतला आणि दुसऱ्या दिवशी तांड्याची वाट धरली.

तांडा दोन कोसांवर, टेकडीच्या माथ्यावर होता. तिथल्या रामीबाईच्या कोंबड्या साऱ्या मुलखात ठाऊक होत्या. कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले हात, आवाज असा की टेकडीवरून बोलली तर नाल्यातल्या म्हशीनं मान वर करावी. तिचा नवरा रतनसिंग लाकडाच्या मोळ्या विके. घरात चलती मात्र कोंबड्यांची होती. कोणाला निकड असली की रामीबाई अर्धेलीनं कोंबडी देई. कोंबडी तिची, राखण दुसऱ्याची. पिलं निघाली की अर्धी-अर्धी. चार गावच्या बाया याच भांडवलावर मीठमिरची चालवत.

"जामीन कोन देऊ?" हौसाबाईनं आपणहूनच विचारलं. चावडीचा चटका अजून ताजा होता.

"जामीन कायले?" रामीबाई म्हणाली. "तू मेथीच्या जुडीत माती ठेवून इकत नाई. मी घेतली हाये तुह्याजवळून. बस झालं."

तिनं दोन कोंबड्या धरल्या, एक काळी, एक कवडी. दोन्ही जुन्या, अंगानं भरलेल्या. विळ्याच्या टोकानं दोघींच्या मागच्या बोटाची नखी जराशी छाटली. "ही माही खूण. रोगराईनं मेली तं पाय आनून दाखवजो. तुह्या जिवाले घोर नाई, माह्याबी नाई. पाय नाई दाखवले तं माह्या हिशेबी कोंबडी उभी हाये."

"दाखवीन."

"अन् बाई," रामीबाई जरा खाली आवाजात म्हणाली, आणि तिचा खाली आवाज कसा असतो हे हौसाबाईनं प्रथमच ऐकलं, "नीट राखशीन तं माहंबी एक काम हाये. माही लेक ललिता कारंज्याले कापसाच्या जिनात कामाले हाये. तिले पोरगं झालं, चालाले लागलं म्हन्तात. तांडा दरसाल कापसाच्या दिवसांत कारंज्याले जाते अन् मी इथं कोंबड्या राखत बसतो. म्हातारा धनसिंग राह्यते मागं, पन त्याले सांजेचं दिसत नाई. एखादी भरवशाची बाई भेटली का तिच्यावर सोडून मी जाईन म्हन्तो."

दोन कोंबड्या टोपलीत घालून हौसाबाई टेकडी उतरली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. कोणीतरी आपल्यावर भरवसा टाकला, हे सुख तिला नवऱ्यामागे प्रथमच मिळालं होतं.

मग कामाला तोंड फुटलं. काळी खुडूक बसली तशी हौसाबाईनं राखेचं घरटं करून तिच्याखाली अंडी मांडली. पिलं निघाली. पिलांना खायला वाळवी लागते, म्हणून रोज संध्याकाळी ती जुन्या मडक्यात शेण आणि काडीकचरा भरून वारुळापाशी पालथं घाली. सकाळी उचललं की आत पांढरी वाळवी बुजबुजलेली. मडकं झटकलं की पिलं अशी तुटून पडत की तिला हसू येई, आणि हसू आलं की रुख्मिणी लहानपणी ताटावर अशीच धावायची, ते आठवे. मग ती मडकं पुन्हा झटके. दिवसभर वर घार. विहिरीवर पाणी ओढताना एक डोळा घागरीत, एक आभाळात. गळ्याच्या शिरा दुखेपर्यंत ती "हाड्या हाड्या" ओरडे. तिच्या आवाजाची कोंबड्यांना अशी सवय झाली की ती जाईल तिकडे सारं बिऱ्हाड मागे. एकदा त्या मागोमाग तुळशीपाशीही आल्या. पुंजाजी पूजेला बसला होता. त्यानं डोळे मिटले ते कोंबड्या जाईपर्यंत उघडलेच नाहीत.

पिलं सुटी झाली तशी रामीबाई येऊन आपला वाटा घेऊन गेली. एक तिनं उचललं, एक हौसाबाईनं, असं डालीतलं पीक समोरासमोर संपलं. जाताना रामीबाईनं झोपडीची झाडलोट, राखेचं घरटं, पाण्याचं खापर सगळं पाहिलं. म्हणाली, "हाव. औंदा मी जातो कारंज्याले."

पुढे हौसाबाईच्या वाट्याची पिलं वाढली. भुसा घातलेल्या टोपलीतून अंडी बाजारात जाऊ लागली. येताना पदरात कधी डिंकाची पुडी, कधी खोबऱ्याची वाटी. ती सारं उतरंडीच्या मडक्यात ठेवी आणि रोज एकदा काढून पाही. तूप तेवढं राहिलं होतं. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, दिवाळीला विकल्या की तूप होईल असा तिचा बेत होता.

मेडशीहून निरोप आला: दिवाळीमागून पाठवतो. आणि त्याच आठवड्यात कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला.

आधी एका तलंगेनं मान वाकडी केली. मग ती गोल गोल फिरू लागली. सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर आत तिघी पाय ताणून. हौसाबाईनं कांद्याचा रस पाजला, लसूण पाजला, मरीआईला नारळ बोलली. तलंगा जातच राहिल्या. ती खड्डे खणी, पुरी आणि पुन्हा खणी. फावड्यानं हाताला फोड आले, तेही फुटले. शेवटी उरल्या त्या फक्त रामीबाईच्या दोघी. जुन्या हाडाच्या, त्यांना अजून काही झालं नव्हतं. काळी उकिरड्यावर निवांत माती उकरत होती.

हौसाबाई तिच्याकडे पाहत उंबऱ्यात बसली. आज आहे, उद्या हीसुद्धा मान टाकील. मेलेल्या कोंबडीचे पाय दाखवले की रामीबाई मोकळी, आपण मोकळ्या. पण मेलेल्या कोंबडीचं तूप होत नाही.

माणूस चुकतं ते असं, एकदम नाही. तिनं शेवटच्या दोन मेलेल्या तलंगा पुरण्याआधी त्यांचे पाय कापून मागची नखी छाटून ठेवली. मग रामीबाईच्या कोंबड्या टोपलीत झाकल्या आणि रिसोडला आलेल्या कोण्या साहेबाच्या खानसाम्याला विकल्या. खानसाम्यानं घासाघीससुद्धा केली नाही. येताना ती तूप घेऊन आली. मडक्याच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधताना मनात एकच धून: आता रुख्मिणी येईल, आता तिला पोटभर घालीन.

दुसऱ्या दिवशी ते चार पाय फडक्यात बांधून ती तांड्यावर गेली. तांड्यावर रोग नव्हता. रामीबाईनं तिला नाल्यापाशीच थांबवलं, हातपाय धुवायला लावले, आणि मग जवळ घेतलं.

"मेल्या?"

"मेल्या वं बाई."

रामीबाईनं फडकं सोडलं. पाय हातात घेऊन उलटेसुलटे केले, मागचं बोट अंगठ्यानं चाचपलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण हौसाबाईला कोणी शिकवायला नको होती; पण त्या क्षणापर्यंत तिला वाटत होतं की आपल्यापुरतं राहील.

"हे तलंगाचे पाय हायेत," रामीबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "माह्या कोंबड्या कुठी गेल्या?"

हौसाबाईनं खोटं पुढे ओढलं नाही. तेवढं बळ तिच्यात नव्हतं. "इकल्या," ती म्हणाली. "लेक येऊन राह्यली. तूप आनलं."

रामीबाईनं ते पाय फडक्यात परत बांधले. पलीकडे तांड्यातल्या गाड्यांना वंगण चाललं होतं; दुसऱ्या दिवशी सकाळीच कारंज्याला निघायचं होतं. एका गाडीत रामीबाईचं गाठोडं आधीच चढलं होतं. वर एक लाकडी बैल होता, नातवासाठी.

"येऊन म्हनली असती, रामीबाई इकतो, तं मी एक डाव बोलली असती अन् गप बसली असती," रामीबाई म्हणाली. "माह्याबी पोटी लेक हाये. पन तू पाय घेऊन आली. आता मी तुह्यावर कशी सोडू अन् जाऊ कशी?" तिनं उठून गाडीवरचं गाठोडं खाली काढलं, लाकडी बैलासकट. "जाय बाई. तुही लेक येऊन राह्यली. माही राह्यली तिकडंच."

शिव्या दिल्या असत्या तर हौसाबाई हलकी होऊन घरी आली असती. ती टेकडी उतरली आणि नाल्याच्या काठी तशीच बसून राहिली. आपण उकंडरावाचं बोलणं खाली मान घालून ऐकलं, चावडीचं हसू गिळलं, ते सगळं लेकीसाठी. आणि दुसऱ्या मायची लेक हिसकून घेतली. तुपाच्या मडक्याची आठवण झाली तरी तिला घरी जावंसं वाटेना. ऊन कलेपर्यंत ती तिथेच होती.

रात्री तिनं लाडू वळले. सकाळी ते डब्यात भरून कस्तुराबाईच्या हातात दिले आणि भासऱ्यासाठी निरोप घालू लागली. "त्याईले सांगा, मी तांड्यावर रामीबाईच्या कोंबड्या राखाले जातो. गाडी घेऊन मेडशीले जातीन तं येताना तांड्याच्या खाली थांबू नका. व्याह्याचा मानूस संग राहीन. माय तांड्यावर बसली हाये म्हून समजलं तं गाडी अर्ध्या वाटेतून परत नेईन थो. घरी पोचल्यावर मंग पोरीले सांगा. पौषात बाळंत होईन. संक्रांतीपावतर तुमीच तिची माय."

कस्तुराबाई बोलायच्या आधी पुंजाजीच बोलला. एवढ्या वर्षांत प्रथमच थेट तिच्याशी. "हौसा, तू काहून जातं? तिच्या कोंबड्यांचं आपन मिरच्या निघाल्या का देऊन टाकू."

हौसाबाईनं पदर पुढे ओढला. "कोंबड्यांचं नाई जी दादाजी," ती म्हणाली. "तिची गाडी निंघून राह्यली."

ती पोचली तेव्हा गाड्या जुंपल्या होत्या. रामीबाई दारात उभी राहून लोकांना निरोप देत होती. ह्याच्याकडे ललितेसाठी लोणचं, त्याच्याकडे तो लाकडी बैल.

"तू जाय," हौसाबाई म्हणाली. "मी बसतो इथं."

"तुह्यावर भरवसा कसा ठेवू?"

"नको ठेवू. माही लेक परवा गाडीनं येऊन राह्यली. तिले सोडून मी इथं आली. आता मी तुह्या कोंबड्या खाईन का इकीन?"

रामीबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. पहिल्या दिवशी कोंबड्या निवडताना पाहिलं होतं तसं. "बाळंतपन हाये ना तिचं?"

"हाये."

"अन् तू इथं बसशीन?"

"बसतो म्हनलं ना. जाय, गाडी निंघते."

रामीबाईचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. तिनं त्या माणसाच्या हातातून लाकडी बैल ओढून घेतला, गाठोडं उचललं, चाकावर पाय देऊन चढली. मिठी नाही, डोळ्याला पदर नाही. गाडी हलल्यावर मात्र वरून ओरडत राहिली, सगळ्या तांड्याला ऐकू जाईलसं. "सकायी ज्वारी टाकजो! सांजेले नाल्याकडं जाऊ देऊ नको, रानमांजर हाये! पांढरी लय आगाव हाये, तिले आंधी कोंडजो!"

तांडा रिकामा झाला. राहिला तो म्हातारा धनसिंग, दोन कुत्री आणि रामीबाईच्या कोंबड्या. हौसाबाई पहाटे खुराडं उघडी, झाडलोट करी, मडक्यात वाळवी धरी, म्हाताऱ्याला भाकर घाली. दुसऱ्या दिवसापासून कोंबड्या तिच्या आवाजावर येऊ लागल्या. हात काम करत होते. जीव सारा टेकडीखालच्या रस्त्यावर. मेडशीकडून येणारा तो रस्ता इथून दिसे, दूर, पांढऱ्या दोरीसारखा. प्रत्येक गाडीला ती उभी राही. कधी कडब्याची गाडी निघे, कधी सरकीची.

"कोन येनार हाये वं?" धनसिंग विचारी.

"कोनी नाई."

"मंग उभी काहून राह्यतं?"

ती कोंबड्यांना दाणे टाकू लागे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन टेकडीवरून उतरत होतं आणि कोंबड्या अजून बाहेरच चरत होत्या. वळणावरून एक गाडी आली. तांबड्या-पांढऱ्या बैलांची जोडी हौसाबाईनं एवढ्या दुरून ओळखली. त्या बैलांना तिनं हातानं चारा घातला होता. पुढे पुंजाजी, फेटा बांधून ताठ. शेजारी कोणी परका. मागे गोधडी अंथरलेली, आणि त्यावर हिरवं लुगडं. एका हातानं गाडीचा दांडा धरलेला, दुसरा पोटावर.

हौसाबाईनं थांबवू नका म्हणून सांगितलं होतं. आपल्याच तोंडानं. आपल्याला काय होईल, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं.

ती उतारावर धावली. दगड पायाखालून निसटत होते. इथून हाक पोचणार नाही हे तिला ठाऊक होतं आणि तरी ती छाती फुटेस्तोवर ओरडली, "रुख्मे! ये वं माय, ये!"

हिरवं लुगडं हललं नाही. हाक वाऱ्यानं वरच्या वर नेली. पण मागे एकदम फडफड झाली. तिनं वळून पाहिलं. रामीबाईच्या साऱ्या कोंबड्या, पंख अर्धे उघडून, माना पुढे काढून, तिच्या आवाजामागे उतारावरून धावत येत होत्या. काही तिच्या पुढे निघून गेल्या. पांढरी तर थेट नाल्याच्या झुडपांकडे निघाली होती. झुडपांत अंधार साचायला लागला होता.

हौसाबाई उभी राहिली. खाली गाडी चिंचेच्या आड चालली होती. एवढं चिंचेचं झाड ओलांडलं की रस्ता वळतो, मग दिसत नाही.

पांढरी झुडपाच्या तोंडाशी पोचली.

हौसाबाईनं रस्त्याकडे पाठ केली. तिनं पुन्हा हाक मारली. "ये वं माय, ये, ये." तीच हाक, त्याच आवाजात. पांढरी थबकली, वळली, आणि बाकीच्या मागोमाग आल्या. त्यांना मागे घेऊन, त्याच शब्दांनी बोलावत, ती एकेक पाऊल टेकडी चढू लागली.